मुकादमाच्या घटत्या वजनाबाबत

ती. स्व. ताई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (तो कागदावरच घातला आहे असे समजावे. प्रत्यक्ष जमिनीवर आडवा झालो तर उठवायला घरात दुसरे माणूस नाही, आणि जो दुसरा जीव आहे त्याची कंबर माझ्याहून अधू आहे.) आपले पत्र गुरुवारी मिळाले. आपल्या गुडघ्याची सूज ओसरली हे वाचून समाधान वाटले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख आपण तिसऱ्यांदा पुढे ढकललीत, हे वाचून मात्र वाटले नाही. चौतीस वर्षे शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य परिचारिका म्हणून आपण इतरांना टेबलावर चढवलेत आणि ‘काही होत नाही’ असे दटावलेत. आता तेच वाक्य आपणांस दटावून सांगणारे कोणी उरले नाही, एवढीच अडचण दिसते. माझी प्रकृती ठीक आहे. झोप लागते. जेवतो. (काय जेवतो ते पुढे ओघाने येईल. ते वाचून आपण रागावणार आहात, म्हणून इथे लिहीत नाही.)

आपल्या पत्रातला खरा मजकूर शेवटच्या दोन ओळींत होता. ‘त्या कुत्र्याला माझ्याकडे पाठवून द्या. तुमच्याच्याने ते व्हायचं नाही.’ त्या दोन ओळींना उत्तर म्हणून हे पत्र लिहीत आहे. प्रथमच नमूद करतो की ते माझ्याच्याने होत आहे. कसे होत आहे याचा तपशील खाली देतो, म्हणजे आपली खात्री पटेल आणि हा विषय आपल्या दोघांपुरता संपेल.

मुकादमास आपण ओळखता, परंतु आपली ओळख हिच्या शेवटच्या आजारपणात आपण येथे येऊन राहिलात त्या सहा आठवड्यांची, आणि त्या दिवसांत कुत्र्याकडे कोण बघत होते? हिने त्याला अकरा वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या मागल्या दारातून घरी आणले तेव्हा तो एखाद्या जाडजूड शब्दकोशाएवढा होता, आणि शेजारी इमारतीचे बांधकाम चालू होते. दिवसभर तो कुंपणापाशी बसून गवंड्यांकडे रोखून बघे आणि कोणी हातातले काम टाकून विडी पेटवली की भुंके, म्हणून त्याचे नाव मुकादम पडले. त्याच्या संगोपनात माझा वाटा काहीही नव्हता. माझा आणि त्याचा सगळा व्यवहार हिच्यामार्फत होत असे. ‘त्याला सांग, माझ्या चपला सोड,’ असे मी हिला सांगत असे आणि ही त्याला सांगत असे. (निरोप बहुधा अर्धाच पोचत असावा, कारण एकच चप्पल परत मिळे.) मधली व्यक्ती गेल्यापासून आम्हा दोघांना एकमेकांशी थेट बोलावे लागते, आणि ते दोघांनाही अवघड जाते.

हिला जाऊन पाच महिने झाले तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मी मोजल्या, दोन्ही बाजूंना सारख्या भरल्या, आणि त्याला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या असत्या, मला मुलगी असती तर. त्यांनी रक्त घेतले, लघवी घेतली, मागचा पाय उचलून वाकवला (त्याने त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितले, जणू हे मी करवले), आणि दोन दिवसांनी निष्कर्ष सांगितला की मूत्रपिंडे बरीच थकली आहेत, मागचे सांधे झिजले आहेत, आणि कातडी कोरडी पडली आहे. मूत्रपिंडे हा शब्द ऐकल्यावर मी त्यांना विचारले की हा रोग एका घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो का. त्या ‘नाही हो काका’ म्हणाल्या, आणि मग जरा वेळ हातातला कागद न वाचता नुसता धरून बसल्या. मी म्हणालो की मग चांगल्या प्रतीचे तयार खाद्य लिहून द्यावे, मी पोते आणतो. त्यावर त्या म्हणाल्या, “पोतं सगळ्या कुत्र्यांसाठी असतं, काका. हा म्हणजे सगळी कुत्री नाही. ह्याचं ह्यालाच बसेल असं करावं लागेल.” त्या दिवशी त्याचे वजन सोळा किलो आठशे ग्रॅम भरले. हिच्या शेवटच्या दिवसांत ते तेवीस होते. मी विचारले, खालची मर्यादा कोणती. प्रत्येक मापाला खालची मर्यादा असतेच. “चौदाच्या खाली गेला, तर आपल्याला वेगळं बोलावं लागेल,” असे म्हणून त्या तपासणीचे टेबल पुसू लागल्या. टेबल आधीच स्वच्छ होते.

ताई, या विषयाचा मला चौदा महिन्यांचा अनुभव आहे, हे आपण जाणता. वजनमापे खात्यात एकतीस वर्षे काढलेला मनुष्य बायकोच्या पथ्याचे अन्न अंदाजाने वाढील, हे शक्य नव्हते. हिचा भात, हिचा भोपळा, हिच्या अंड्याचा पांढरा भाग, हिचे पाणी, सर्व मी पितळी प्रमाणित वजनांनी तोलून दिले, आणि ‘वाढले’ व ‘उरले’ असे दोन रकाने आखून नोंदवहीत दोन्ही वेळा लिहिले. ‘उरले’च्या रकान्यात चौदा महिने शून्य आहे. तिच्या डॉक्टरांनी ती वही बाहेर बसलेल्या इतर रुग्णांच्या नातेवाइकांना दाखवली होती, आणि त्यातल्या एका गृहस्थाने माझ्याकडे फार वाईट नजरेने पाहिले होते. त्या वहीत चाळीस पाने कोरी शिल्लक होती. कोरी पाने टाकून नवी वही उघडणे मला या वयात जमणार नाही. हिच्या शेवटच्या नोंदीखाली मी दोन ओळी मोकळ्या सोडल्या, पट्टीने रेघ मारली, आणि ‘मुकादम, वय अकरा’ असे शीर्षक घालून त्याच रकान्यांत पुढे सुरुवात केली.

बाईंनी आखून दिलेला आहार असा होता: मऊ शिजवलेला भात, उकडलेला भोपळा, अंड्याचा पांढरा भाग, मोजके कोंबडीचे मांस, मीठ मुळीच नाही, आणि सर्व पातळ, भरपूर पाण्यात. (भांड्याचे झाकण उघडल्यावर जो वास आला तो माझ्या ओळखीचा होता. मी झाकण पुन्हा ठेवले आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडले.) त्यासोबत पूरके. मूत्रपिंड आणि कातडी यांसाठी माशाचे तेल, सांध्यांसाठी एक भुकटी, अन्नातला फॉस्फरस अडवणारी दुसरी भुकटी, आणि पोटासाठी पांढरी पुडी, प्रत्येकाचे माप त्याच्या वजनावरून काढलेले. प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानदाराने ‘घ्या हो काका, सगळे घेतात’ म्हणून भरीला घातलेले कॅल्शियम आणि टॉनिक मी बाईंना दाखवले, तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूला सारले. कॅल्शियम ह्याला नकोच आणि टॉनिक कोणालाच नको, असे त्या म्हणाल्या. मला त्या बाई आवडल्या. आमच्या खात्यात असत्या तर पुष्कळ वर चढल्या असत्या आणि कोणाच्याच आवडत्या झाल्या नसत्या.

आता एक कबुली. स्वतः पडताळणी केल्याखेरीज निरीक्षकाने शिक्का मारू नये, हा नियम मी कधी मोडला नाही. त्यामुळे चारही पूरके प्रथम मी स्वतः घेतली. चव नोंदवण्याजोगी नाही. पुढे असे होऊ लागले की मी ताटलीत सर्व नीट कालवून मुकादमासमोर ठेवावे, त्याने वास घ्यावा, माझ्याकडे बघावे, आणि बोळात जाऊन दाराकडे तोंड करून पडावे. तोललेले अन्न फेकणे माझ्या प्रकृतीला मानवत नाही. म्हणून ते मी खाऊ लागलो. (आपण रागावणार होतात ते हेच. भात आणि भोपळा एकाच पातेल्यात दोघांपुरता होतो. वेगळा स्वयंपाक कोणासाठी करायचा?) सतरा दिवसांत मुकादमाचे वजन सहाशे ग्रॅमने उतरले आणि माझा डावा गुडघा, जो सहा वर्षे जिन्यावर कुरकुरत असे, तो गप्प झाला. वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त दंतवैद्य म्हणाले की माझ्या केसांना अलीकडे तकाकी आली आहे. बाईंनी दूरध्वनीवरून ‘पावडरचा फरक पडतोय का?’ असे विचारले, तेव्हा मी ‘पडतोय’ म्हणालो. ते खोटे नव्हते. कोणाला, हे त्यांनी विचारले नाही. माशाच्या तेलाची एक बाटली कपाटात कलंडली आणि माझ्या लोकरी कोटाने ती संपूर्ण शोषून घेतली. तो कोट घालून मी निवृत्तांच्या सभेस गेलो. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि परतताना गल्लीतली तीन मांजरे, जी मुकादमाच्या भीतीने कधी आमच्या बाजूला फिरकत नसत, ती फाटकापर्यंत पोचवायला आली. मुकादम पायरीवर पडून होता. त्याने मांजरांकडे पाहिले आणि डोळे मिटले. त्या क्षणी मला प्रथम भीती वाटली.

वजनाचा प्रश्न निराळाच होता. माझा घरचा काटा दोन किलोंपर्यंतचा. माणसांच्या काट्यावर त्याला उचलून उभे राहावे, तर आकडा दिसत नाही, कारण मध्ये कुत्रा असतो. चालत जाण्याच्या अंतरावर मोठा काटा एकच, कोपऱ्यावरच्या धान्याच्या व्यापाऱ्याचा, आणि त्या काट्याला एकोणीस वर्षांपूर्वी मीच भर बाजारात सील ठोकले होते, पोत्यामागे चाळीस ग्रॅमच्या फरकासाठी. मी कुत्र्यासह दुकानात शिरलो तेव्हा त्याने रांगेतल्या गिऱ्हाइकांना हाताने बाजूला केले. “या साहेब, या. आधी काटा तपासून घ्या. नाहीतर उद्या म्हणाल, ह्याने कुत्र्यातसुद्धा मारलं.” रांगेतले लोक हसले. मी काटा तपासला. (अर्थातच तपासला. खिशात पाचशे ग्रॅमचे वजन घेऊनच गेलो होतो.) काटा अचूक होता, आणि मला, खरे सांगायचे तर, थोडी निराशा झाली. त्यानंतर दर सोमवारी आम्ही जाऊ लागलो. मुकादमाचे पाय गार लोखंडावर पडू नयेत म्हणून तो काट्यावर रिकामे पोते अंथरी, पोत्याचे वजन वजा करी, आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असा आकडा पुकारी. “सोळा-दोनशे.” “पंधरा-सातशे.” “साहेब, खायला घालता की नियम वाचून दाखवता?” लोकांना त्यात गंमत वाटे आणि मी ती वाटू देत असे. सातव्या सोमवारी त्याने आकडा पाहिला आणि पुकारला नाही. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “चौदा-तीनशे, साहेब. पाय नीट टेकला नसेल त्याचा. परत ठेवू?” आम्ही त्याला उतरवून परत ठेवले. आकडा तोच आला. “काट्यातच काहीतरी असेल,” तो म्हणाला. एका व्यापाऱ्याने माझ्यादेखत स्वतःचा काटा खोटा ठरवला, आणि त्याबद्दल मला त्याचे आभार मानावेसे वाटले, हे खात्यातल्या कोणास सांगू नये.

घरी सर्व उपाय करून झाले होते. अन्न कोमट करून दिले. मान वाकवायला लागू नये म्हणून ताटली शब्दकोशाच्या दोन खंडांवर ठेवली. ताटली बदलली. बाईंच्या सांगण्यावरून स्वतः जमिनीवर बसून हाताने भरवले. त्याने दोन घास शिष्टाचार म्हणून घेतले, माझी बोटे चाटली आणि बोळात निघून गेला. (मला उठवायला दंतवैद्यांना वरून बोलवावे लागले. त्यांनी ते कोणास न सांगण्याचे कबूल केले आणि सर्वांना सांगितले.) दिवसाकाठी चार-पाच घास आणि पाणी, एवढ्यावर तो होता. चौदा-तीनशे आणि चौदा यांत तीनशे ग्रॅम असतात, ताई. आमच्या पद्धतीने सांगायचे तर सहा अंडी.

त्यानंतरचा मंगळवार. दुपारी मी ताटली घेऊन टेबलाशी येतो तो दंतवैद्य दारात. माशाच्या वासाची तक्रार घेऊन ते खाली आले होते, आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या खुर्चीत बसले. (आयुष्यभर दुसऱ्यांना खुर्चीत बसवलेला मनुष्य बसताना विचारीत नाही.) हिची खुर्ची, आपण जाणता, समोर खिडकीपाशी आहे. सात महिने मी तिच्यात बसलो नव्हतो. पण पाहुण्याला उठवणे बरे दिसेना, म्हणून मी हिच्या खुर्चीत बसलो आणि भात-भोपळा समोर घेतला. दंतवैद्यांनी ताटलीत डोकावून ‘मला नको’ असे मी विचारण्यापूर्वीच सांगितले, आणि छताकडे बघत वास या विषयावर बोलू लागले. ते बोलत असताना माझ्या उजव्या गुडघ्यावर वजन आले. मी टेबलावरच्या कापडाची कड किंचित उचलली. मुकादमाची हनुवटी होती. तो कुईं करत नव्हता, शेपूट हलवत नव्हता, मागत नव्हता. त्याने तोंड चार बोटे उघडून धरले होते, एखादा जुना कामगार वेळेवर कामावर हजर व्हावा तसे. मी एक घास खाली नेला. तो आवाज न करता गेला. मी दुसरा नेला. दंतवैद्यांची नजर छतावरून टेबलाकडे उतरली की खालचा जबडा थांबे, तोंड मिटे. नजर वर गेली की पुन्हा उघडे. एकशे ऐंशी ग्रॅम, सहा मिनिटांत, तेल आणि भुकट्यांसकट. ताटली पुसून घेतल्यासारखी झाली. दंतवैद्य तिच्याकडे बघून म्हणाले, “संपवलंत की. आणि म्हणे चव नाही.” मी ‘पाणी आणतो’ म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि पाणी न घेता बराच वेळ तिथे उभा राहिलो.

कुत्र्यात एवढी शिस्त एका दिवसात येत नाही. दंतवैद्य गेल्यावर मी नोंदवही काढली आणि मुकादमाचे लस टोचल्याचे जुने कार्ड काढले. दोन्हींवर तारखा आहेत, दोन्हींवर वजने आहेत. हिचे एकसष्ट होते, सत्तेचाळीस झाले. त्याचे अठरा होते, तेवीस झाले. ती जसजशी उतरली तसतसा तो चढला, महिन्याला महिना धरून. माझ्या पितळी वजनांत खोट नव्हती. ताटलीत गेले ते बरोबर गेले, ताटली रिकामी आली ती खरोखरच रिकामी आली. मधला अर्धा हात तेवढा कोणी तपासला नाही. खात्यात आम्ही काटा तपासत असू. गिऱ्हाईक पिशवी घेऊन निघाले की ती कोणाच्या घरी जाते, ते बघणे आमचे काम नसे. दोन्ही जेवणांच्या शेवटी मी हिच्या गोळ्यांसाठी कोमट पाणी आणायला आत जात असे. आता घड्याळ लावून पाहिले, त्याला दोन मिनिटे लागतात. दोन मिनिटांत, हात कापत असताना, तिने ती ताटली रिकामी करायची, तीही दिवसातून दोनदा. मी परत आलो की म्हणे, “संपलं बघा.” मग मी शून्य लिहीत असे. शून्य लिहिताना मला आनंद होत असे आणि तो चेहऱ्यावर दिसत असावा. तो दिसावा म्हणूनच आपल्या बहिणीने (हे वाक्य मी तीनदा पूर्ण करून तीनदा खोडले आहे, आता असेच राहू द्यावे). दुसऱ्या दिवशी मी तिच्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, शेवटी शेवटी भूक राहतच नाही, घास गिळणे हीच शिक्षा होते, आणि खाल्ले असते तरी फार फरक पडला नसता. ‘फार’ म्हणजे किती, ते त्यांना सांगता आले नाही.

परंतु हे पत्र मुकादमासंबंधी आहे. एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, म्हणून मी चाचण्या घेतल्या. बुधवारी एकटाच हिच्या खुर्चीत बसलो. हनुवटी गुडघ्यावर आली, तोंड उघडले. मग त्याने कापडाखालून डोके बाहेर काढून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, तोंड मिटले आणि तो निघून गेला. गुरुवारी मी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर माझा कोट चढवला, वर टोपी ठेवली, पुढ्यात चष्मा आणि उघडी वही मांडली. त्याने जाऊन कोटाचा वास घेतला आणि, बनावट शिक्के समोर आल्यावर मी ज्या नजरेने दुकानदाराकडे बघत असे, त्या नजरेने माझ्याकडे पाहिले. शुक्रवारी दंतवैद्यांना विनंती करून बसवले. एकशे ऐंशी ग्रॅम, उरले शून्य. म्हणजे त्याला नुसता भरवणारा नको, फसवला जाणाराही हवा. समोर कोणी कडक मनुष्य बसला आहे, त्याला कळता कामा नये, अशी परिस्थिती असली तरच त्याला अन्न हे अन्न वाटते. हे मी बाईंना सांगितले. वाटले होते, त्या हसतील. त्यांनी औषधपत्र पुढे ओढले, आहाराच्या ओळीखाली ‘रोज दोन वेळा, चोरून’ असे लिहिले आणि सही केली. मी म्हणालो, हे औषधपत्रावर शोभत नाही. त्या म्हणाल्या, “दुसऱ्या कुत्र्याच्या कागदावर नसतंच लिहिलं.” परवाच्या सोमवारी आकडा चौदा-सहाशे आला. व्यापाऱ्याने तो दोनदा पुकारला.

सारांश, कुत्रा आपणांकडे पाठवण्याची आवश्यकता नाही. त्याच्या आहाराचा आणि पूरकांचा बंदोबस्त झाला आहे, आणि तो माझ्याच्याने होत आहे. आणखी लिहिण्यासारखे काही नाही. जे आहे ते लिहून झाले. प्रकृतीस जपावे.

आपला आज्ञाधारक,
धाकट्या बहिणीचे यजमान

ता. क. दंतवैद्य येत्या रविवारी तीन महिन्यांसाठी आपल्या मुलाकडे जात आहेत. तसेही त्यांच्यावर फार विसंबता येत नाही. व्यवसायाची सवय म्हणून ते दोनदा वाकून कापडाखाली बघू लागले, मागची दाढ किडली आहे का ते पाहायला, आणि त्यानंतर मुकादम पूर्ण एक दिवस उपाशी राहिला. रविवारपासून माझ्या खुर्चीत बसायला कोणीतरी हवे. ती व्यक्ती ताठ बसणारी, कमी बोलणारी, कुत्र्याला टेबलापाशी खायला घालणे हा गुन्हा मानणारी आणि नोंद ठेवणारी असावी. माझ्याखेरीज अशी एकच व्यक्ती माझ्या माहितीत आहे. काम अवघड नाही. मी घास उचलला की ताटलीकडे बघावे. एकदा खाकरावे. मग ‘पाणी आणते’ म्हणून आत जावे, आणि घड्याळात दोन मिनिटे झाल्याशिवाय (त्याला हल्ली सहा लागतात, तेव्हा सहा) बाहेर येऊ नये. आल्यावर ‘संपलं का?’ असे विचारावे आणि वहीत शून्य लिहावे. कुत्र्याऐवजी आपणच इकडे यावे, असे मी सुचवत आहे.

ता. क. २. हिच्या खुर्चीतून माझी खुर्ची कशी दिसते हे मला बत्तीस वर्षांत ठाऊक नव्हते. तिथे बसलेला मनुष्य पूर्ण उजेडात असतो, वहीत मान घालतो आणि त्याच्या चेहऱ्यावर काय चालले आहे ते सगळे समोरच्याला वाचता येते. त्याला फसवणे अत्यंत सोपे आहे. येथे आल्यावर आपण याचे वाईट वाटून घेऊ नये.

ता. क. ३. त्या सहा आठवड्यांत आपण भिंतीकडच्या तिसऱ्या खुर्चीत बसत होतात. काल मी तिच्यात बसून पाहिले. तिथून टेबलाखालचे सर्व दिसते. आपण मला का सांगितले नाही, हे विचारत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना काय सांगायचे आणि काय नाही, हे आपण चौतीस वर्षे ठरवत आलात. ती काय खात होती, हेही विचारत नाही. मी पाणी आणायला आत असे त्या दोन मिनिटांत ती हसत होती का, एवढेच कळवावे. हसत नसेल तर या प्रश्नाचे उत्तर देऊ नये, गाडीची वेळ तेवढी लिहावी.